बार्बरेस्को फिकी आणि तुरट लागली, म्हणजे बिघडली का?

तुमचा प्रश्न असा: इटलीहून आणलेली, 'प्रोदुत्तोरी देल बार्बरेस्को' या उत्पादकाची 2019 ची बार्बरेस्को, म्हणजे तिथली एक रेड वाइन, उघडली. रंग फिका, कडेला विटकरी झाक, आणि पहिल्याच घोटाला तोंड कच्ची सुपारी चावल्यासारखं कोरडं पडलं. वाइन खराब झाली का?

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत तरी बिघाडाचं एकही नाही. बार्बरेस्को शंभर टक्के नेब्बिओलो द्राक्षाची असते, आणि हे द्राक्षच तसं आहे. त्याच्या सालीत रंगद्रव्य कमी, आणि जे आहे तेही हवेने लवकर उतरणारं. तुरटपणा मात्र भरपूर. पेल्याखाली छापील कागद धरून अक्षरं वाचता आली तरी बिचकू नका. तोंड कोरडं पडतं कारण टॅनिन, म्हणजे द्राक्षातलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. कोऱ्या चहात दूध घातलं की त्याचा तुरटपणा मरतो, तेही यामुळेच: टॅनिनला धरायला दुधातली प्रथिनं मिळतात. म्हणून ही वाइन नुसती पिऊन जोखू नये, सोबत खायला हवं.

पण आधी तापमान. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्याकडच्या 30 अंशांत अल्कोहोल नाकात चढतं आणि गुलाबाचा वास त्याखाली दबतो. ही वाइन 16 ते 18 अंशांना हवी. बाटली फ्रिजमध्ये साधारण दीड तास ठेवा. घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटं पुरतात. फार गार केलीत तर तुरटपणाच पुढे येतो.

नुसतं बूच काढून बाटली तासभर उघडी ठेवणं जवळपास निरुपयोगी, कारण निमुळत्या गळ्यातून हवा लागतेच किती? रुंद बुडाच्या भांड्यात ओता आणि दीड-दोन तास थांबा. त्याआधी 50-60 मिली पेल्यात घेऊन चव बघून ठेवा, म्हणजे नंतरचा फरक कळेल. पेला मोठा घ्या, तिसरा हिस्साच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग हलवून. सुरुवातीला चेरी आणि गुलाब, मग ज्येष्ठमध आणि डांबराच्या जवळ जाणारा वास. घोट तोंडात चार-पाच सेकंद फिरवा. तुरटपणा हिरड्यांवर बारीक, मखमली लागतो की खरखरीत, हे बघा. पंधरा-वीस वर्षांची बाटली असेल तर एवढी हवा देऊ नका. ती आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि हळू ओता.

खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास, जो हवा लागल्यावर कमी न होता वाढतो, तो बुचाचा दोष. शिजवलेल्या जॅमसारखा वास आणि वर सरकलेलं किंवा चिकट बूच म्हणजे बाटली उन्हात तापली. नेलपॉलिशचा वास टोचण्याइतका असेल तर व्हिनेगरकडे वाटचाल.

सोबत काय? पिएमाँतेत, म्हणजे या वाइनच्या मूळ प्रांतात, अंड्याच्या पिवळ्या बलकाचा 'ताजारिन' पास्ता लोण्यात परतून, किंवा वाइनमध्ये मंद शिजवलेलं गोमांस. आपल्याकडे चरबी असलेलं, मंद शिजवलेलं मटण छान जमतं, फक्त तिखट अगदी हलकं ठेवा. मिरचीमुळे अल्कोहोल जास्त भाजतं आणि फळाची चव हरवते.

आता उत्पादकाबद्दल, कारण बाटली तुम्ही फार चांगल्या घराची आणलीत. ही सहकारी संस्था आहे. 1894 मध्ये आल्बा इथल्या वाइनशाळेचे प्रमुख दोमित्सियो काव्हात्सा यांनी नऊ शेतकऱ्यांना एकत्र आणलं होतं. फॅसिस्ट राजवटीत तो प्रयत्न बंद पडला. 1958 मध्ये बार्बरेस्को गावचे धर्मगुरू दॉन फियोरिनो मारेंगो यांनी 19 शेतकऱ्यांना घेऊन पुन्हा सुरुवात केली. पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. सभासदाने आपलं सगळं नेब्बिओलो संस्थेलाच द्यायचं, भाव दर्जावर. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही रचना समजवावी लागत नाही, पण 'सहकारी' म्हटलं की दर्जा बेताचाच, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

चांगल्या वर्षी ते नऊ मळ्यांच्या नऊ वेगळ्या 'रिझेर्वा', म्हणजे जास्त काळ मुरवलेल्या वाइन, काढतात. साल साधारण असेल तर ती द्राक्षंही साध्या बार्बरेस्कोतच जातात. त्यामुळे अवघड सालातही साधी बाटली सहसा दगा देत नाही. नऊही रिझेर्वा एकाच पद्धतीने, मोठ्या ओक पिंपांत मुरवतात, म्हणून चवीत जो फरक उरतो तो जमिनीचा आणि उताराचा. लेबलवर मळ्याचं नाव आहे का बघा. नसेल तर तुमची साधी बार्बरेस्को, आणि ती आजच प्यायला हरकत नाही. पुढे कधी 'पोरा' आणि 'मोंतेस्तेफानो' या दोन मळ्यांच्या रिझेर्वा एकाच सालातल्या मिळाल्या तर शेजारी शेजारी ओता: पोरा लवकर मोकळी होते, मोंतेस्तेफानो दोन तासांनंतरही आवळलेलीच लागेल.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या पाऊण-एक तास आधी बाहेर काढा. 2019 ची आहे, दुसऱ्या दिवशी बहुधा जास्त मऊ लागेल.