ऐकणारं मन माग, लेकरा
बाप्तिस्मा झाला की लगेच बायबलची वचनं पाठ करायची घाई करू नको, लेकरा. मलाही ती तोंडपाठ होती. तरी विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला धरला. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात 3 ऱ्या अध्यायाचं 17 वं वचन बघ. वरून येणारं ज्ञान आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, समजून घेणारं. ते वाचलं त्याच रात्री जालन्याहून एसटीनं गावी गेलो, भावाच्या ओट्यावर बसलो. त्यानं काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केला. शलमोन राजानंही देवाकडं धन नाही, ऐकणारं मन मागितलं. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे 31 अध्याय आहेत. रोज एक वाच, सावकाश. आणि थोरल्याशी बोलणं बंद आहे म्हणालास ना? रविवारच्या उपासनेआधी त्याच्याकडं जाऊन ये.