रात्रभर वाजणारे सीसीटीव्हीचे अलर्ट कसे आवरायचे आणि कामाचा अलार्म कसा लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात सावईवेऱ्याला घर, मागे कुळागर (माड-पोफळीची बाग), घरात आई-वडील दोघेच आणि तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात. आठ कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं यंत्र) बसवलेला आहे. मोशनचे, म्हणजे हालचाल टिपल्याचे अलर्ट चालू ठेवले की रात्रभर मोबाईल वाजतो, बंद केले की कॅमेरे असून नसल्यासारखे. जवळच्या वाड्यावर चोरी झाल्यापासून वडील धास्तावलेत. अलार्म कसा सेट करायचा आणि सायरन जोडावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी फोंड्यात हेच काम करतो. पावसाळा लागला की मला सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेटिंगला हात लावण्याआधी एक कागद घ्या. जे जे अलार्म लावायचे मनात आहेत ते लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा: हा वाजला तर कोण उठणार आणि काय करणार. ज्याच्यापुढे नाव लिहिता येत नाही, तो अलार्म नको. तिथे फक्त रेकॉर्डिंग होऊ द्या. आठही कॅमेऱ्यांचे अलर्ट फोनवर घेणारी माणसं आठवडाभरात ते बघायचं सोडतात, आणि मग ज्या रात्री खरोखर कुणी आलेलं असतं त्या रात्रीही बघत नाहीत. तुमच्यासारख्या घराला बाहेरून येणाऱ्या माणसासाठी दोन किंवा तीन अलार्म पुरतात. हे मी अगदी ठामपणे सांगतो.

आता रात्रभर फोन का वाजतो ते बघू. साधं मोशन डिटेक्शन म्हणजे आधीच्या चित्रात आणि आताच्या चित्रात किती फरक पडला, एवढंच यंत्र मोजतं. माणूस हलला की माडाचं चुडत हललं, हे त्याला कळत नाही. त्यात रात्री कॅमेरा बघतो तो स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात, आणि हे दिवे लेन्सच्या भोवतीच असतात. त्यामुळे लेन्सपासून वीतभर अंतरावरचा किडा पांढराफटक उजळतो आणि अंगणाच्या टोकाचा माणूस त्यामानाने अंधुक राहतो. पावसाची प्रत्येक धार पांढरी रेघ होऊन समोरून जाते. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उठतात त्या संध्याकाळी तर कुठलाही कॅमेरा शांत राहत नाही.

केरीच्या एका घरी मी रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून घरच्यांना दाखवलं होतं. मध्यरात्रीनंतर दर थोड्या मिनिटांनी अलर्ट, आणि प्रत्येक क्लिपमध्ये तेच: एक कोळी लेन्सच्या काचेवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत जातो. पडद्यावर त्याचा पाय केळीच्या खांबाएवढा दिसत होता. त्याने कॅमेऱ्याच्या टोपीपासून भिंतीपर्यंत जाळं विणलं होतं आणि वारा आला की ते सगळं जाळं उजळून हलत होतं. सेन्सिटिव्हिटी कितीही कमी केली असती तरी हे थांबलं नसतं, कारण चित्राचा निम्मा भाग खरोखरच बदलत होता. तिथे कॅमेऱ्याचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे मेनूतून बंद केले, सात-आठ फुटांवर वेगळा आयआर इल्युमिनेटर, म्हणजे नुसता इन्फ्रारेड दिवा लावला आणि जाळं झाडून टाकलं. दिवा लेन्सपासून लांब गेला की लेन्ससमोरचे किडे आणि जाळी तेवढी उजळत नाहीत. वेगळा इल्युमिनेटर नको असेल तर पडवीत साधा एलईडी बल्ब रात्रभर जळू द्या, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानेही भागतं. आणि काठीला झाडू बांधून कॅमेऱ्याची जाळी काढणं हे पावसाळ्यात दर आठवड्याचं काम समजा.

एवढं झाल्यावर सेटिंग. मोशनमध्ये बहुतेक डीव्हीआरवर दोन आकडे असतात. सेन्सिटिव्हिटी म्हणजे किती बारीक बदल मोजायचा आणि थ्रेशोल्ड म्हणजे चित्राचा किती भाग बदलल्यावर अलार्म द्यायचा. काहींवर एकच आकडा असतो. पण त्याहून महत्त्वाची आहे ती चौकटींची जाळी, जिच्यात अलार्मचा भाग रंगवायचा असतो. सुरुवातीला सगळा पडदा रंगवलेला असतो. तो आधी पुसा आणि फक्त माणूस जिथून चालत येईल ती जमीन, पायऱ्या, दार एवढंच रंगवा. आकाश, माड, पोफळी, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावरच्या गाड्यांच्या उजेडाचा झोत पडणारी भिंत, हे सगळं बाहेर.

तुमचा डीव्हीआर फार जुना नसेल तर त्यात माणूस आणि वाहन ओळखणारा फिल्टर असण्याची शक्यता आहे. हिकव्हिजन कंपनीच्या डीव्हीआरमध्ये त्याला अ‍ॅक्युसेन्स म्हणतात, दाहुआमध्ये एसएमडी. तो असेल तर साधं मोशन सोडून द्या आणि लाइन क्रॉसिंग (पडद्यावर काढलेली रेघ ओलांडली की अलार्म) किंवा इंट्रूजन (आखलेल्या भागात शिरलं की अलार्म) वापरा. बऱ्याच डीव्हीआरवर ही सोय सगळ्या कॅमेऱ्यांवर एकदम चालत नाही, म्हणून ती मागीलदाराला आणि पुढच्या पडवीला द्या, कुळागराकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याला नको. कुळागरात रात्री रानडुकरं, साळिंदरं, पहाटे माकडं, कधी गवेही येतात. तिथे रेकॉर्डिंग पुरे. लाइन काढताना ती कुंपणावर न काढता दाराच्या अलीकडे पाच-सहा पावलांवर काढा आणि दिशा बाहेरून आत अशीच ठेवा, नाहीतर वडील पहाटे फुलं काढायला बाहेर पडले तरी तुमचा फोन वाजेल.

कॅमेरा किती लांबचं बघतो याबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो. युरोपीय मानक ईएन ६२६७६-४ च्या २०१५ च्या आवृत्तीत याचा हिशेब दिलाय: कुणीतरी आहे एवढं कळायला चित्रात दर मीटरला २५ पिक्सेल लागतात आणि अनोळखी माणसाचा चेहरा पटवायला दर मीटरला २५०. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे चेहरा हवा असेल तर त्या चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदीचं दृश्य मावता कामा नये. अख्खं अंगण दाखवणारा कॅमेरा 'कुणीतरी आलं' एवढंच सांगेल, 'कोण' ते सांगणार नाही. एक कॅमेरा तरी दारासमोर, फार उंच नाही असा, चेहऱ्यासाठी राखून ठेवा.

मग चालून बघा. रात्री एकाने फोन हातात धरायचा आणि दुसऱ्याने मागीलदारातून यायचं, एकदा सरळ, एकदा भिंतीला चिकटून, एकदा वाकून. आणि एकदा छत्री घेऊन. ही शेवटची चाचणी आपल्याकडे कुणी करत नाही. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला छत्रीखालचा माणूस दिसतच नाही, फक्त एक काळा गोल सरकताना दिसतो, आणि माणूस ओळखणारा फिल्टर त्याला सोडून देतो. पावसाचे चार महिने चोरही छत्री किंवा प्लॅस्टिक डोक्यावर घेऊनच येणार. म्हणूनच नुसत्या कॅमेऱ्यावर अलार्म सोडू नये असं माझं मत आहे.

दाराला मॅग्नेटिक सेन्सर लावा, म्हणजे दार उघडलं की कळणारा चुंबकाचा स्विच. डीव्हीआरच्या मागे अलार्म इन असं लिहिलेले स्क्रू असतील तर तो थेट तिथे जोडता येतो. काही स्वस्त डीव्हीआरना ते नसतात, घेण्याआधी मागची बाजू बघायला हवी. जोडताना एनसी (नॉर्मली क्लोज्ड) पद्धतीने जोडा, म्हणजे दार बंद असताना सर्किट जोडलेलं. मग दार उघडलं काय आणि कुणी वायर कापली काय, दोन्ही वेळा अलार्म वाजतो. उलट्या, म्हणजे एनओ (नॉर्मली ओपन) पद्धतीत वायर तुटली तर महिनोन्महिने कळत नाही. या सेन्सरला पाऊस, कोळी, चुडत कशाचाच त्रास नाही, आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात भरवशाचा अलार्म हाच असेल.

सायरन जोडावा, पण फक्त दाराच्या सेन्सरवर. कॅमेऱ्याच्या अलार्मवर सायरन ठेवलात तर वाड्यावरची माणसं दोन वेळा धावून येतील, तिसऱ्यांदा येणार नाहीत. आणि तुमच्या आई-वडिलांचा खरा आधार तेच शेजारी आहेत. डीव्हीआरचा अलार्म आउट हा नुसता स्विच असतो, त्यातून वीज येत नाही. सायरनला १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्यावा लागतो. २३० व्होल्टचा भोंगा त्या स्क्रूवर थेट जोडू नका, मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) घालायला इलेक्ट्रिशियनला सांगा. सायरन एक-दोन मिनिटांनी आपोआप थांबेल असा वेळ द्या. वेळापत्रक रात्री दारं लावल्यापासून पहाटे आई उठेपर्यंत. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, मागचं दार रात्री कितीदा उघडेल सांगता येत नाही, तेव्हा ते दिवस हॉलिडे शेड्यूलमध्ये घालून सायरन बंद ठेवा. उलट गावच्या जत्रेच्या रात्री सगळे देवळात असतात आणि घर रिकामं असतं, त्या दिवशी तो संध्याकाळपासूनच चालू हवा.

हे सगळं घड्याळावर चालतं. डीव्हीआरचं घड्याळ चुकलं की वेळापत्रकही चुकलं. टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० आणि एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय) चालू आहे ना बघा. वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल तर आतला बटणासारखा सेल संपलाय.

आता लोक ज्याकडे ढुंकूनही बघत नाहीत तो भाग, म्हणजे यंत्राचे स्वतःचे अलार्म. मेनूत एक्सेप्शन किंवा अ‍ॅबनॉर्मॅलिटी नावाखाली हे असतात: हार्ड डिस्क बिघडली, कॅमेऱ्याचं चित्र गेलं, नेटवर्क तुटलं, कुणी चुकीचा पासवर्ड टाकतंय. चोरी झाल्यावर रेकॉर्डिंग उघडलं आणि डिस्क कधीचीच बंद पडलेली निघाली, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या घरच्यांचा चेहरा बघवत नाही. डिस्क एरर आणि व्हिडिओ लॉस हे दोन अलार्म आजच चालू करा आणि त्यांना डीव्हीआरचा बझरही द्या. डिस्क फुलचा अलार्म सोडा, जुनं पुसून नवं लिहिण्याची सोय चालू असली की त्याला अर्थ नाही. पावसात एकाच कॅमेऱ्याचा व्हिडिओ लॉस वारंवार येत असेल तर त्याच्या बीएनसी कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाच्या जोडात) पाणी गेलेलं असतं. जोड उघडा, हिरवा गंज दिसेल. नवा कनेक्टर लावा, जोड डब्यात घ्या आणि केबलला डब्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

नेटवर्क तुटल्याचा अलार्म मात्र डीव्हीआर तुमच्या फोनवर पाठवू शकत नाही, कारण तो पाठवायचा रस्ताच तुटलेला असतो. पुण्यात बसून अ‍ॅप उघडून बघितल्याशिवाय तुम्हाला शांतता आणि बिघाड यांतला फरक कळणार नाही. म्हणून वीज गेली तरी सगळं चालू राहायला हवं: डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा सप्लाय, राउटर आणि फायबरचा डबा, सगळे इन्व्हर्टरवर. एकूण भार साधारण ८० वॉटच्या आसपास होतो, १५० एएचची चांगली बॅटरी त्यावर रात्र काढते. इन्व्हर्टरला मागे नॉर्मल आणि यूपीएस असा स्विच असेल तर तो यूपीएसवर ठेवा, नाहीतर वीज खात्याने दिवे घालवले की प्रत्येक वेळी डीव्हीआर रीस्टार्ट होतो आणि ती दोन-तीन मिनिटं घर आंधळं असतं.

पासवर्ड कंपनीने दिलेला असेल तर बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे असे डीव्हीआर आणि कॅमेरे नुसत्या डिफॉल्ट पासवर्डने ताब्यात घेतले होते. जो आत शिरतो तो तुमचा अलार्मही बंद करू शकतो.

फोनवर त्या अ‍ॅपचं बॅटरी सेटिंग अनरिस्ट्रिक्टेड करा, नाहीतर अँड्रॉइड रात्री अ‍ॅपला झोपवतं आणि अलर्ट सकाळी एकदम येतात. दाराच्या अलार्मला वेगळा, मोठा आवाज द्या आणि डू नॉट डिस्टर्बमधून तो वगळा.

तुमच्या कागदावर मी असं लिहीन: दाराचा सेन्सर वाजला तर तुम्ही आधी चित्र बघायचं, मग शेजाऱ्यांना फोन, मग ११२. वडिलांनी दार उघडून बाहेर बघायला जायचं नाही, दोघांनी आतल्या खोलीत कडी लावून बसायचं. हे त्यांना नीट समजावून सांगा, शेजाऱ्यांनाही विचारून ठेवा. डिस्कचा बझर वाजला तर वडिलांनी तुम्हाला कळवायचं, घाबरायचं नाही. दोन्ही आवाज एकदा त्यांना मुद्दाम ऐकवा.

आणि काही घडलंच तर क्लिप त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढा. दर कॅमेऱ्याला २ एमबीपीएस धरले तर आठ कॅमेरे दिवसाला सुमारे १७० जीबी लिहितात, म्हणजे २ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत पुन्हा पहिल्यापासून भरू लागते. डीव्हीआर मात्र फॉर्मॅट करू नका की कुणाला देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी प्रत कोर्टात द्यायला प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पटवणारा तिचा आकडा) लिहावी लागते. ती कशी काढायची हे तुमच्या कॅमेरेवाल्याला आताच विचारून ठेवा.