दार लावून घेतात, मंग काय करावं?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका हाये. 2020 मध्ये कोरोनाच्या सर्व्हेला गेली त लोकं दार लावून घ्यायचे, एकानं त कुत्रंच सोडलं. आधीच्या साथीतही असंच व्हायचं का हो?

उत्तर: ताई, असंच, उलट जास्तच. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर घरात घुसून झडती घ्यायचे, म्हणून लोकं आजारी माणूस लपवून ठेवायचे, अन् त्याच साली सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनंच गेल्या, 10 मार्चला. देवी रोगाच्या लसीचंही तेच, सुईवाला दिसला की माय पोरगं घेऊन तुरीच्या वावरात पळे, कारण देवी म्हणजे मातामाय, तिला टोचायचं कसं! तरी दंडावर डाग पडलेच, अन् 1975 च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. गंमत बघा, प्लेगच्या वेळचा 1897 चा साथरोग कायदा लोकांवर सक्तीसाठी होता, 2020 मध्ये त्यातच बदल करून आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा केला. यात आशाताईही येतात बरं का. कुत्र्याचं मात्र त्यात काही लिहिलं नाही, काठी सोबत ठेवत जा.