‘देव नियंत्रणात आहे’ आणि ‘देवाची खोशी’

फोंड्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: शेजारच्या ख्रिस्ती घरातला कर्ता मुलगा अपघातात गेला. सांत्वनाला आलेल्या एक बाई मराठीत म्हणाल्या, ‘धीर धरा, देव नियंत्रणात आहे.’ मुलाची आजी कोंकणीत एवढेच म्हणाली, ‘देवाची खोशी.’ भगिनींना दोन्ही वाक्ये खटकली. पहिले मराठी म्हणावे का, आणि दुसऱ्यात देवाला खुशी ती कसली, असे त्यांचे दोन प्रश्न.

पहिल्याचा निकाल लगेच लावतो. हे मराठी नव्हे. आग नियंत्रणात येते, मधुमेह नियंत्रणात राहतो, जमाव नियंत्रणात आणावा लागतो. जे नियंत्रणात असते त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी ताबा असतो. म्हणजे ‘देव नियंत्रणात आहे’ याचा सरळ अर्थ देवाला कोणीतरी आवरून धरले आहे असा होतो. बोलणाऱ्याला तर नेमके उलट सांगायचे असते. इंग्रजी वाक्याचे हे शब्दशः रूप आता प्रार्थनासभांच्या फलकांवर आणि व्हॉट्सअॅपवरच्या सकाळच्या चित्रांत इतके दिसते की संताप येतो. ज्याचे घर दुःखात बुडाले आहे त्याच्या हाती देण्याचा शब्द तरी पारखून घ्यावा! ‘नियंता’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. ‘यम्’ म्हणजे आवरणे, त्यावरून संस्कृतात ‘यन्ता’ म्हणजे सारथी. देव नियंता, आणि नियंत्रणात असलेच तर ते जग.

आता आजीच्या शब्दाकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. खुशी म्हणजे आनंद, हे सांगायला माझी गरज नाही. पण आपणही ‘जशी तुझी खुशी’, ‘ज्याची त्याची खुशी’ म्हणतो, तेव्हा आनंदाचा तिथे काय संबंध असतो? तिथे खुशी म्हणजे इच्छा. ‘खुशाल’ पाहा. फारसीत खुश-हाल, म्हणजे ज्याची अवस्था चांगली तो. आपण मात्र ‘खुशाल जा’ म्हणतो, म्हणजे मनाला येईल तसे जा. जाणारा आनंदात आहे की रडत आहे, याची त्या शब्दाला चौकशी नाही.

याहून सुंदर गोष्ट ‘मर्जी’ची. मर्जी, राजी, रजा हे तिन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूचे, आणि त्या धातूचा मूळ अर्थ संतुष्ट होणे. संतुष्ट झाला तो राजी झाला, म्हणजे त्याने संमती दिली. संमती म्हणजे परवानगी, म्हणून रजा, आणि कचेरीतून घरी जायची परवानगी तीही रजा. राजीनामा हा मुळात संमतीचा कागद. संतोषापासून निघालेला शब्द इच्छेपाशी, संमतीपाशी, परवानगीपाशी पोचतो. फारसी खुशीने हीच वाट धरली. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, असे आपल्या संविधानात आहे. ते वाचून राष्ट्रपती खुशीत आहेत की नाहीत हे कोणी पाहत नाही.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो, त्यात ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना येते. तिच्यात ओळ आहे: तुजी खोशी सर्गार जाता तशी संवसारांत जांव. आजीच्या तोंडी आलेला शब्द लहानपणापासून रोज म्हटलेल्या या ओळीतला. मराठी बायबलमध्ये याच जागी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे आहे.

यावर एक मत नेहमी ऐकू येते, की मिशनऱ्यांना शुद्ध शब्द सापडला नाही म्हणून बाजारातला यावनी शब्द घातला. हे मत मला साफ नामंजूर आहे. त्याच प्रार्थनेत पवित्र आहे, राज आहे, सर्ग आणि संवसार आहेत, सगळे संस्कृत घराण्यातले. याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापले गेले. इतकी जाण असलेल्या परंपरेला ‘इच्छा’ सुचली नसेल? भाषाशुद्धीच्या चाळणीतून ‘खुशी’ गाळणाऱ्यांनी बायबलच्या नव्या कराराचे मूळ ग्रीक पाहावे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात, पाचव्या वचनात, दोन शब्द शेजारी उभे आहेत: थेलेमा म्हणजे इच्छा, आणि एवदोकिया म्हणजे प्रसन्न इच्छा, संतोष. देवाने माणसांना आपली लेकरे करून घ्यावे यात त्याचा संतोष, असे ते वचन सांगते. इच्छा आणि संतोष या दोन्ही छटा एका शब्दात पेलणारा शब्द ‘खोशी’ आहे, ‘इच्छा’ नव्हे.

म्हणून मुलगा गेला यात देवाला आनंद झाला, असा अर्थ त्या वाक्यात अजिबात नाही. ज्याला देव मानून आजी बोलली तो येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना स्वतः रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. देव जे इच्छितो आणि देव जे होऊ देतो यांत कॅथलिक धर्मशास्त्र फरक करते. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सैतानाला ईयोब या नीतिमान माणसावर हात टाकायला मिळतो, पण देवाने घालून दिलेल्या हद्दीपर्यंतच. याला मी ‘देवाची रजा’ म्हणेन. ईयोबाचे दुःख देवाच्या रजेत आहे, आणि त्या दुःखातूनही जे घडवायचे ते खोशीत आहे. मराठी धर्मशिक्षणात ही जोडी वापरावी असे मला मनापासून वाटते.

आणि कृपा करून तिथे ‘भोग’, ‘प्रारब्ध’, ‘नशीब’ घालू नका. प्रारब्ध म्हणजे फळ द्यायला लागलेले पूर्वकर्म. योहानाच्याच नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू म्हणतो, दोघांचेही नाही. नशीब तर मुळात नुसता वाटा. कोणी वाढला, का वाढला, त्याला ठाऊक नाही. आजी मात्र ‘कोणाची’ हे आधी सांगते.

‘भोग’चा विषय निघालाच आहे तर ‘साईबा भोगोस’विषयीही सांगतो. गोव्यातला ख्रिस्ती माणूस संकटात हे सहज बोलून जातो आणि आपले मराठी कान त्यात ‘भोगणे’ ऐकतात. भोगसप म्हणजे क्षमा करणे. ‘प्रभू, क्षमा कर’ एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ जण तरीही त्याला ‘भुज्’ धातूला नेऊन बांधतात. भोगण्यातून क्षमा कशी निघाली, हे त्यांनी एकदा पायरी पायरीने दाखवावे. माझे मत असे की हा फारसी ‘बख्श’. हिंदीत बख्शना म्हणजे माफ करणे, आपल्याकडे त्याच घरातले बक्षीस. ‘ख’मधला हकार पुढे सरकून ‘ब’ला चिकटला आणि ‘भ’ झाला, मागे राहिलेला ‘क’ मऊ होऊन ‘ग’ झाला. साईब, खोशी, भोगोस: गोव्याच्या ख्रिस्ती माणसाचे कळवळ्याचे हे तिन्ही शब्द मला अरबी-फारसी वाटेनेच आलेले दिसतात.

भगिनींनी शेवटी विचारले होते की त्या घरासाठी मराठी वर्तमानपत्रात श्रद्धांजली द्यायची आहे, काय लिहावे. ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ नको, त्यात हरल्याचा सूर आहे. प्रार्थनेतला ‘जांव’ म्हणजे ‘होवो’, ते मागणे आहे. ‘सर्व काही देवाच्या हाती आहे’ हे निर्दोष मराठी. क्रूसावरचे अखेरचे वाक्यही मराठी बायबलमध्ये ‘तुझ्या हाती’ असेच आहे. किंवा ‘देवाची खुशी’ लिहा, घरच्यांना ते आपले वाटेल. फक्त रोमी लिपीतल्या निधनवार्तेवरून उतरवून घेताना ‘खोक्सी’ करू नका. रोमी कोंकणीत ती एक्सची फुली ‘श’ असते, पोर्तुगीज वळणाची.