इतिहास वाचायचाय? गोडसे भटजींपासून सुरुवात करा

जाडजूड खंडांना इतक्यात हात लावू नका. आधी विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा हा गरीब भिक्षुक घरावरचं कर्ज फेडायला, दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. तोफगोळे, लूट, कत्तल, सगळं डोळ्यांदेखतचं. वाचताना अंगावर काटा येतो.

पण एक लक्षात ठेवा. हे त्यांनी पंचवीसेक वर्षांनी, आठवणीतून लिहिलंय. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी ते छापलं तेव्हा मजकुरात फेरफारही केले. म्हणून मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. कोणी, कधी, कशाच्या आधारे लिहिलं, हे विचारायची सवय इथूनच लागते.

ऐतिहासिक कादंबऱ्या खुशाल वाचा, फक्त त्यातले संवाद लेखकाचे असतात.

मग इतिहासकार शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक. शेजारी नकाशा हवाच! मराठे दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. हे नकाशावर बोट ठेवून पाहिलं की रसद का तुटली ते लगेच उमगतं.