बुजवलेल्या खाणीवरची माती किती वाहते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (वाघोली): खडीची जुनी खाण मुरमाने भरून वर फूटभर काळी माती पसरली. दोन पावसांतच उतारावर ओघळी पडल्या. किती माती गेली, हे कसं काढायचं?

उत्तर: ओघळीच मोजा. उताराच्या दिशेने २० मीटर लांब, ५ मीटर रुंद पट्टा दोरीने आखा आणि त्यातल्या प्रत्येक ओघळीची रुंदी-खोली दर २ मीटरवर टेपने घ्या. समजा ४ ओघळी आहेत, पट्टाभर लांब, सरासरी १५ सेंमी रुंद, ८ सेंमी खोल आणि तळाशी निमुळत्या, म्हणजे त्रिकोणी. एकीचा काटछेद ०.००६ चौ.मी., चौघींची मिळून ०.४८ घनमीटर माती. मातीची घनता घनमीटरला १.२ टन धरली तर ५७६ किलो, म्हणजे हेक्टरी जवळजवळ ५८ टन. शेतात वर्षभरात हेक्टरी ११ टन गेली तरी जास्तच म्हणतात! शिवाय ओघळींच्या मधली सालकाढी धूप (वरचा पातळ थर सरसकट वाहून जाणं) यात धरलेलीच नाही.

अनेक जण लोखंडी सळया ठोकून जमीन किती खाली गेली ते बघतात. काळ्या मातीत ते फसतं. माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि सळई हलते. सळई खालच्या खडकाला टेकली असेल तर भराव नुसता दबला तरी धूप झाल्यासारखी दिसते.

मूळ दुखणं बहुधा खाली आहे. डंपरच्या चाकांनी मुरूम घट्ट दाबला जातो, त्यात पाणी मुरत नाही, ते मातीखालून सरकतं. माती पसरण्याआधी समपातळीत, म्हणजे उताराला आडवी, फूट-दीड फूट खोल नांगरट हवी होती. आता निदान समपातळी चर काढा. पातळी ए-फ्रेमने (इंग्रजी A आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) घ्या, नजरेने नको. चर जरा जरी कलला तरी त्याचाच नाला होतो.

प्रश्न (मोशी): गाळ अडवायला खड्डा केला, तो भरतोही. तरी ओढ्याला गढूळ पाणी का?

उत्तर: खड्ड्यात भरते ती रेती आणि जाडसर गाळ. खड्ड्यातून बाहेर पडणारं पाणी बाटलीत भरून ठेवा. रेती मिनिटभरात तळाला बसते, पोयटा (रेतीहून बारीक गाळ) काही तासांत. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर ती चिकणमाती. ती खड्डा दुप्पट केला तरी थांबणार नाही, वरची उघडी जमीनच झाका. खड्डा निम्मा भरला की उपसा. नमुने पाऊस चालू असताना, पहिल्या लोंढ्यापासून दर १०-१५ मिनिटांनी घ्या. सकाळी निवळलेल्या पाण्याचा नमुना घेऊन काही उपयोग नाही.

प्रश्न (खेड शिवापूर): गवत हिरवंगार आहे. तरी पाहणी करायची?

उत्तर: हो. लांबून हिरवं दिसतं ते बऱ्याचदा नुसतं शेंड्याचं. उतारावर तिरपे १०० पावलं चाला, दर पावलाला बुटाच्या टोकाखाली गवत, पालापाचोळा, दगड की उघडी माती ते टिपा. उघडी माती ३० पेक्षा जास्त वेळा आली तर पुन्हा मारवेल गवत किंवा स्टायलो (चाऱ्याची शेंगवर्गीय वनस्पती) पेरा.