शिबिराच्या दुसऱ्या दिवशी काय? : बेघरांच्या मोफत सेवा दिवसाबद्दल वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की चौकाचौकांत बॅनर लागतात : बेघर बांधवांसाठी मोफत शिबिर. एकाच मांडवात तपासणी, आंघोळ, केस कापणे, कपडे, चष्मे, आधार नोंदणी. या वेळची बहुतेक पत्रं अशाच दिवसांबद्दल आहेत आणि घोळ सगळ्यांचा एकच आहे. शिबिरात गोळ्या दिल्या म्हणजे उपचार झाले, असं सगळे धरून चालतात.

आधार कार्ड नसलेल्याची तपासणी करायची का? (एनएसएस विद्यार्थी, पुणे)

करायची. नाडी बघायला आधार लागत नाही. नोंदणीच्या टेबलावर जो ते मागत असेल त्याला तिथून उठवा आणि पाणी वाटायला बसवा.

आमच्या पुलाखालच्या काही जणांकडे कसलाच कागद नाही. एक एजंट आधार काढून देण्याचे माणशी दोन हजार मागतो. द्यावेत का? (ठाणे)

एक रुपयाही देऊ नका. पहिली आधार नोंदणी मोफत असते. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही त्याच्यासाठी नेमलेल्या परिचयकर्त्यामार्फत, म्हणजे ओळख पटवून देणाऱ्या माणसामार्फत, नोंदणीची सोय आहे. जवळचं केंद्र १९४७ या क्रमांकावर विचारा. मतदार यादीसाठीही घराचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जात, तो माणूस जिथे झोपतो ती जागा लिहायची, मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा स्थानिक अधिकारी, रात्री तिथे येऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहतो. बीएलओ रात्री आला नाही तर वॉर्डात पाठपुरावा करावा लागतो, तो एजंट करत नाही. बँकेतही कागदांशिवाय, अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा देऊन 'छोटं खातं' उघडता येतं. मी डॉक्टर आहे, वकील नव्हे. कुठे अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथला सल्ला मोफत असतो.

गेल्या वर्षी शिबिरात खोकल्याचे बरेच रुग्ण आले. आम्ही कफ सिरप आणि पाच दिवसांची अँटिबायोटिक्स वाटली, लोक खूश होते. यंदा किती बाटल्या मागवाव्यात? (एका संस्थेचे कार्यकर्ते, मुंबई)

एकही नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, बेडक्यात रक्त. दाटीवाटीने झोपणाऱ्या माणसात यातलं एक जरी दिसलं तरी आधी क्षयाचा विचार करायचा. सिरपने त्याला दोन रात्री झोप लागेल, बाकी काही नाही. अँटिबायोटिक्सचं प्रकरण त्याहून वाईट आहे. लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंवरही चालतात. ताप उतरतो, खोकला हलका होतो, 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असंही कुणी म्हणतं. जंतू मात्र मेलेले नसतात, नुसते दबलेले असतात. मग थुंकीच्या तपासणीत ते निसटतात आणि निदान लांबतं. शिवाय नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयात जे औषध हुकमी म्हणून राखून ठेवलेलं असतं, त्यालाच जंतू सरावण्याची भीती असते. तोवर तो माणूस निवाऱ्यात इतरांच्या उशाशी उशी लावून झोपलेला असतो. लोक खूश होते म्हणता, जंतूही खूशच असतील.

त्याऐवजी हे करा. शहर क्षयरोग अधिकाऱ्यांना शिबिराच्या आधी पत्र द्या आणि त्यांच्या माणसाला बोलवा. झाकणाच्या डब्या ठेवा. बेडका मांडवात काढायचा नाही. बाहेर, उघड्यावर, गर्दीपासून लांब काढायचा. खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगा, नाहीतर डबीत नुसती लाळ येते आणि प्रयोगशाळा ती परत पाठवते. एक नमुना सकाळी उठल्या उठल्याचा हवा, त्यासाठी डबी त्याच्याबरोबर द्या आणि ती घ्यायला कोण जाणार हे त्याच दिवशी ठरवा. बेडक्यातले क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध चालेल की नाही तेही तिथेच कळतं.

निदान झालं की साध्या क्षयाला सहा महिने, रोज गोळ्या. इथेच आपली शिबिरं उघडी पडतात. गोळ्या सुरू होताच लघवी नारिंगी-लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि पाकीट गटारात जातं. ज्याने सांगितलेलं लक्षात ठेवलं त्याची पिशवी रात्री चोरीला जाते, पावसात भिजते, नाहीतर अतिक्रमणाची गाडी ती उचलून नेते. म्हणून औषध त्याच्या पिशवीत ठेवायचंच नाही. चहाची टपरी, निवाऱ्याचा काळजीवाहक, मंदिराबाहेरची फुलवाली, ज्याच्याकडे तो रोज सकाळी फिरकतो त्याच्याकडे केंद्राच्या संमतीने ठेवायचं. कामासाठी सुरतेला गेला तरी निक्षय क्रमांकावर (क्षयाच्या सरकारी नोंदणीत रुग्णाला मिळणारा क्रमांक) उपचार तिकडच्या केंद्रात वर्ग होतात; फक्त जाण्याआधी कळवायला हवं. पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत, पण ते खात्यात जमा होतात. वर छोट्या खात्याचं सांगितलं ते याचसाठी. दारू, कावीळ, मधुमेह, गर्भारपण यातलं काही असेल तर गोळ्या सुरू करण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

एका लॅबने शिबिरात 'फुल बॉडी चेकअप' मोफत करून देऊ असं सांगितलं आहे. एक खासगी रुग्णालय बसही पाठवणार आहे. घ्यावं का? (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, नाशिक)

टाच यंत्रावर ठेवून हाडांचा आकडा सांगायचा आणि कॅल्शियमची बाटली विकायची, हा खेळ मांडवात नको. तपासणीत काही सापडलं तर पुढचा उपचार कोण करणार आणि पैसे कोण भरणार, एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. लेखी म्हटल्यावर बरेच जण फोन उचलायचे थांबतात. बसचं म्हणाल तर सरकारी आरोग्य योजनेतून ज्याचे पैसे मिळतात तेवढेच रुग्ण भरून न्यायचे आणि पायात किडे पडलेला म्हातारा खाली ठेवायचा, अशी बस काय कामाची? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. तिथे समाजसेवा अधीक्षकाला गाठा.

आंघोळ घातली, केस कापले, नवे कपडे दिले, तरी आठवड्यात सगळे पुन्हा खाजवत होते. साबण बदलावा का? (पिंपरी)

साबणाचा काय दोष? रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेवर पुळ्या, ही बहुतेक खरूज आहे. परमेथ्रिन मलम मानेखाली सगळ्या अंगाला रात्रभर लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. एकत्र झोपणाऱ्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच वेळी लावायचं. एकाला लावून उरलेल्यांना सोडलं तर मलम वाया. घोंगड्या गरम पाण्यात धुवा, ते जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. लहान मुलं आणि गरोदर बायका असतील तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

स्टेशनबाहेर एक बाई दिवसभर एकटीच बोलत असते. शिबिराच्या दिवशी चार जणांनी धरून तिला मनोरुग्णालयात नेऊन सोडावं का? (कल्याण)

धरून? नाही. एकटं बोलण्यामागे मानसिक आजार असू शकतो, तसाच ताप, डोक्याला मार किंवा उतरलेली साखरही असू शकते. आधी डॉक्टरला तिथे न्या. ती स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. त्यांनी तिला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. बेघर माणसाचा सरकारी केंद्रातला मानसिक उपचार याच कायद्याने मोफत आहे, बीपीएल कार्ड असो वा नसो. बरं वाटल्यावर माणसं घरी परततात, डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने कर्जतला हेच काम केलं, त्यासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काय करावं सुचत नसेल तर १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी मोफत सरकारी सेवा आहे.

शिबिरात लोकांकडून दारू सोडण्याची शपथ घ्यावी म्हणतो. (सांगली)

रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जातो. शपथेऐवजी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीतच करावं म्हणतात, म्हणून नेत्रशिबिर डिसेंबरात ठेवलं आहे. योग्य ना? (सोलापूर)

ऋतूचा काही संबंध नाही, ही ऐकीव गोष्ट आहे. अडचण नंतरची आहे. चार-सहा आठवडे वेळेवर थेंब, डोळ्याला धूळ नको, पाणी नको. फुटपाथवर हे जमत नाही. ऑपरेशनआधीच निवाऱ्यात जागा पक्की करा आणि नेत्रतज्ज्ञांना रुग्ण कुठे झोपतो ते सांगा. ते स्वतःहून विचारत नाहीत.

घरात उरलेली औषधं, टॉनिक शिबिरात देऊ का?

नाही.

आमचं शिबिर रविवारी १० ते ४ असतं. बॅनर लावूनही गर्दी होत नाही. (मुंबई)

१० ते ४ या वेळात तुमचा रुग्ण नाक्यावर, भंगार वेचत नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासत असतो. हातावर पोट असलेला माणूस वजन करून घ्यायला दिवसाची मजुरी सोडणार नाही. संध्याकाळी सातनंतर, तो झोपतो त्या जागेजवळ टेबल लावा. वाचता न येणाऱ्यासाठी बॅनर कुचकामी. आदल्या दोन रात्री पायी फिरून सांगा. त्या फेऱ्यांत झोपणाऱ्यांची गणती करा आणि यादी घेऊन वॉर्डाच्या समाज विकास अधिकाऱ्यांकडे जा. शहरी बेघर निवारा योजनेच्या निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हवा. तुमच्या वॉर्डात तो कुठे आहे, हे यादी त्यांच्या हातात देतानाच विचारा.